गुडगो नवो, मगे मांडी कित्याक दुखता?

हा प्रश्न मला मालवणकडच्या एका निवृत्त शिक्षकांनी विचारला. गुडघा बदलून पाच महिने झाले होते. रविवारी त्यांनी बॅडमिंटनचे दोन गेम डबल्स खेळून पाहिले. तेव्हा काहीच झालं नाही. सोमवारी सकाळी घरापासून रस्त्यापर्यंतची जांभ्याची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरताना मात्र मांडी अशी धरली, की गडग्याला (दगडी कुंपणाला) टेकून उभं राहावं लागलं. घरच्यांना वाटलं, नवा सांधा निखळला. सांध्याला काहीच झालं नव्हतं. फिजिओथेरपी करताना हे वारंवार दिसतं, आणि त्यामागे बराच जुना इतिहास आहे.

सांधेबदलाची शस्त्रक्रिया खेळासाठी जन्मलीच नव्हती. इंग्लंडमधल्या राइटिंग्टन इथे सर जॉन चार्नली यांनी खुब्याचा सांधा बदलण्याची आजची पद्धत बसवली. आधी त्यांनी खुब्याच्या खोबणीत टेफ्लॉनची वाटी वापरून पाहिली होती, पण ती काही वर्षांतच झिजली. नोव्हेंबर 1962 मध्ये त्यांनी पॉलिथिलीन या प्लास्टिकची वाटी बसवायला सुरुवात केली आणि ती टिकली. त्या काळचे रुग्ण म्हणजे संधिवाताने रात्ररात्र जागणारी, चार पावलं टाकताना कळवळणारी माणसं. झोप लागावी आणि घरात चालता यावं, एवढीच अपेक्षा. गुडघ्याचा आजच्या धर्तीचा सांधा 1970 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये आकाराला आला. तिथले शल्यचिकित्सक जॉन इन्सॉल यांच्याबरोबर त्यावर काम करणाऱ्यांत आपले डॉ. चित्तरंजन राणावत होते.

अटलबिहारी वाजपेयींचे दोन्ही गुडघे 2000 आणि 2001 साली मुंबईत याच राणावतांनी बदलले, आणि 'गुडघा बदलता येतो' ही गोष्ट आपल्याकडे घरोघरी पोचली. कोकण रेल्वे 1998 पासून पूर्ण मार्गावर धावू लागली होती, त्यामुळे मुंबईला जाऊन ऑपरेशन करून येणं सोपं झालं. सिंधुदुर्गातली माणसं गोव्यालाही जाऊ लागली. ऑगस्ट 2017 मध्ये केंद्राने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली. ऑपरेशन जवळ आलं, पण त्यानंतरचे व्यायाम गावात मिळतातच असं नाही. टाके निघाले की गाडीत बसून माणूस घरी येतो, हातात व्यायामाचा एक कागद असतो आणि घरचे म्हणतात, 'आता आराम कर.' मला सर्वांत जास्त खटकतं ते हेच.

कारण स्नायूंची कहाणी वेगळी आहे. दुखणाऱ्या गुडघ्याला जपत माणूस वर्षानुवर्षं लंगडतो. तेवढ्या काळात मांडीचा पुढचा स्नायू आणि कुल्ल्याचे स्नायू बारीक होत जातात. मग ऑपरेशन होतं. सांधा सुजला की मेंदूच त्या स्नायूला पूर्ण आवळू देत नाही. गुडघेबदलानंतर पहिल्या महिन्यात मांडीच्या पुढच्या स्नायूचा जोर आधीच्या निम्म्याहूनही खाली गेल्याचं मोजमापांत दिसलं आहे. सांधा नवा बसला, पण तो पेलणारा स्नायू मात्र दहा वर्षांचा थकलेला.

स्नायूला ओझं देऊनच ताकद येते, हेही उशिरा मान्य झालं. दुसऱ्या महायुद्धात गुडघे दुखावलेल्या सैनिकांकडून त्या वेळी हलके व्यायाम पुष्कळ वेळा करून घेत. अमेरिकन लष्करी डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनी उलट केलं. वजन जास्त, आवर्तनं कमी, आणि वजन टप्प्याटप्प्याने वाढवत नेणं. 1945 मध्ये त्यांनी हे मांडलं. आपल्याकडे फिजिओथेरपी आली ती पोलिओमुळे: पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने मुंबईत केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीची देशातली पहिली शाळा उघडली. त्यामुळे इथल्या जुन्या पिढीला ही विद्या लुळ्या पायाची वाटते, खेळाडूची नाही.

खेळाची परवानगीही हळूहळू मिळत गेली. 1999 मध्ये अमेरिकेतल्या गुडघेतज्ज्ञांची मतं घेतली, तेव्हा पोहणं, सायकल, गोल्फ यांना हरकत नव्हती, पण धावणं आणि फुटबॉल नको होते. कारण सरळ होतं: आदळआपट वाढली की प्लास्टिक झिजतं. त्याच सुमारास कमी झिजणारं पॉलिथिलीन आलं आणि डॉक्टर थोडे सैल झाले. जानेवारी 2019 मध्ये टेनिसपटू अँडी मरेच्या खुब्यावर धातूची टोपी बसवली आणि त्याच ऑक्टोबरमध्ये त्याने अँटवर्पची एकेरी स्पर्धा जिंकली. ती टोपी म्हणजे पूर्ण सांधेबदल नव्हे, आणि त्याच्यामागे अख्खा ताफा होता, हे लोकांना सांगावं लागतं.

गुरुजींची मांडी धरली ती उतरण्यामुळे. बॅडमिंटनमध्ये झेपावून थांबताना, आणि पाखाडी उतरतानाही, मांडीचा पुढचा स्नायू लांबत लांबत वजन पेलतो. सवय नसलेल्या स्नायूला हे सर्वांत जड जातं. असं दुखणं बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढतं आणि चार-पाच दिवसांत ओसरतं. त्यावर हलकं चालणं, शेक, आणि पुढच्या वेळी निम्मा खेळ, एवढं पुरतं. पोटरी सुजली, गरम लागली, ताप आला किंवा सांधाच लाल होऊन ठणकू लागला, तर तडक डॉक्टर गाठा. सुजलेल्या पोटरीला खोबरेल तेल चोळू नका. आत रक्ताची गाठ असली तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

पुळणीवरून, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवरून, चालण्याचा सल्ला सगळेच देतात. माझं मत जरा निराळं आहे. मऊ वाळूत पोटरीवर फार ताण येतो आणि उतारामुळे एक पाय कायम खाली राहतो. सुरुवातीला ओहोटीची ओली, घट्ट वाळू निवडा आणि जितकं जाल तितकंच परत या.

गुरुजींना मी कोर्ट सोडायला सांगितलं नाही. घराची सर्वांत खालची पायरी दिली. भिंतीला हात लावून बदललेल्या पायावर उभं राहायचं, दुसरा पाय तीन मोजत खाली टेकवायचा, पुन्हा वर. दहादा, एक दिवसाआड. पहिल्या आठवड्यात पाचव्यालाच मांडी थरथरायची. दोन महिन्यांनी ते हातात दोन नारळ घेऊन दहा पुरे करू लागले, आणि मग आम्ही पुन्हा रॅकेट काढली.