आयसीयूतला वात

“सलाइनमधून मला विष देतायत, इथून सोडवा.” आयसीयूतला माणूस असं सांगू लागला, की घरच्यांच्या पायाखालची जमीन सरकते. कोविडच्या काळात तर आत जाऊन खरं-खोटं करायचीही सोय नव्हती.

जुन्या बायका याला ‘वात झालाय’ म्हणत. टायफॉइडच्या तापात माणूस बरळायचा, तोच हा प्रकार. डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणतात. हे वेड नव्हे, आणि मनाचा कमकुवतपणा तर नव्हेच. रक्तातला ऑक्सिजन उतरलेला, अंगभर दाह, झोपेचे तुकडे पडलेले. अशा वेळी मेंदूला लक्ष एका जागी धरून ठेवता येत नाही. हाती लागतील त्या खुणांवरून तो गोष्ट जुळवतो. आणि खुणा तरी कसल्या? रात्रंदिवस जळणारे दिवे, मॉनिटरचं टीं-टीं, नळ्या उपसू नयेत म्हणून कधी बांधलेले हात, पीपीई किटमधली बिनचेहऱ्याची माणसं. एवढ्या सामग्रीतून अपहरणाची गोष्ट तयार झाली तर नवल ते काय!

१४ देशांतल्या ६९ आयसीयूंमधल्या २,०८८ कोविड रुग्णांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ५५ टक्के रुग्णांना डिलिरियम झाला होता. मिडाझोलमच्या गटातली गुंगीची औषधं दिलेल्यांत त्याचा धोका जास्त दिसला. घरच्यांची भेट झालेल्यांत, मग ती व्हिडिओ कॉलवर का असेना, तो कमी दिसला. अर्थात, फार अत्यवस्थ माणसाला कॉल लावून दिला जाण्याची शक्यताही कमीच. त्यामुळे सगळं श्रेय भेटीला देता येणार नाही. तरी जवळच्या माणसाचा आवाज गोंधळलेल्या मेंदूला ठावठिकाणा सांगतो, एवढं मला पटतं.

आरडाओरडा करणारा रुग्ण लगेच ध्यानात येतो. पुष्कळांचा वात मात्र मुका असतो. ते नुसते पडून राहतात आणि घरी निरोप जातो, “आज शांत आहेत.”

घरी परतल्यावर खऱ्या घटना पुसट होतात, भासलेल्या मात्र लख्ख आठवतात. म्हणून डेन्मार्क, नॉर्वेत काही ठिकाणी नर्स रुग्णाची रोजनिशी लिहितात: आज नळी काढली, आज मुलगी येऊन गेली. रुग्ण ती पुढे वाचतो आणि ‘मला बांधून ठेवलं होतं’ या आठवणीशेजारी तेव्हा खरोखर काय चाललं होतं ते ठेवून पाहतो.

आपल्याकडे रोजनिशी नसली, तरी भरती करताना पिशवीत घालून घरी पाठवलेला चष्मा आणि कानाचं यंत्र परत आत पोचवता येतं. समोरच्या भिंतीवर दिसेल असं घड्याळ लावता येतं.