कोऱ्या नमुन्यातलं प्लॅस्टिक

समुद्रतळ, बर्फ, पिण्याचं पाणी, माणसाचं रक्त. मायक्रोप्लॅस्टिक कुठे सापडलं नाही, असं विचारायची वेळ आली आहे. असा एखादा शोधनिबंध हाती आला की मी निष्कर्षाआधी त्यातला ‘ब्लँक’ शोधतो. नमुना सोडून बाकी सगळं तेच ठेवायचं: तीच बाटली, तीच रसायनं, तीच गाळणी, तेच हात. एवढं करून गाळणकागदावर काय उरतं, तो ब्लँक. तो क्वचितच रिकामा असतो.

कारण साधं आहे. ५ मिलिमीटरपेक्षा लहान तो मायक्रोप्लॅस्टिक, अशी रूढ व्याख्या असली तरी छळतात ते केसाहून बारीक धागे. पॉलिएस्टरचा शर्ट घातलेला माणूस टेबलाजवळून नुसता गेला तरी त्याचे धागे हवेत तरंगतात आणि उघड्या काचबशीत अलगद उतरतात. म्हणून अनेक प्रयोगशाळांत सुती एप्रनच घालायचा नियम असतो, तोही मुद्दाम भडक नारिंगी किंवा गुलाबी. सूक्ष्मदर्शकाखाली नारिंगी धागा दिसला की तो कुणाचा, हे लगेच कळतं. मला ही युक्ती महागड्या यंत्रांपेक्षा जास्त आवडते.

बाकीची शिस्त कंटाळवाणी, पण टाळता न येणारी. भांडी काचेची किंवा स्टीलची, झाकण ॲल्युमिनियम फॉइलचं. काचसामान भट्टीत ४५०–५०० अंश सेल्सिअसला तापवतात, त्या तापमानाला चिकटून राहिलेलं प्लॅस्टिक जळून जातं. वापरायचं पाणी आणि रसायनं आधी गाळून घेतात, कारण बाटलीबंद रसायनातही कण असतात. काम शक्यतो गाळलेल्या हवेच्या कपाटात करतात आणि शेजारी ओला गाळणकागद उघडा ठेवतात. हवेतून काय पडलं, ते त्यावर सापडतं.

समुद्रावर तर प्रदूषणाचे स्रोत सोबतच नेलेले असतात. नमुना गोळा करायची जाळी नायलॉनची, दोर पॉलिप्रॉपिलीनचा, बोटीचा रंगही पॉलिमरचाच. म्हणून दोराचा तुकडा आणि रंगाचा पापुद्रा जपून आणतात. नमुन्यातल्या कणाचा वर्णपट, म्हणजे प्रकाशाच्या मदतीने पटणारी रासायनिक ओळख, त्यांच्याशी जुळला, तर तो कण संशयित ठरतो.

हे सगळं सांभाळूनही फसगत होते. २०१४ मध्ये जर्मनीतल्या एका अभ्यासात तपासलेल्या सर्व २४ बिअर ब्रँडांमध्ये सूक्ष्म कण सापडल्याचं जाहीर झालं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने, हे प्रयोगशाळेतल्या प्रदूषणामुळे तर नाही ना, असा प्रश्न थेट शोधनिबंधाच्या शीर्षकातच विचारला. २०२० मध्ये तर बोट हातमोज्यांकडे वळलं. हातमोजे साच्यातून सुटावेत म्हणून वापरलेले स्टिअरेट क्षार ओल्या स्पर्शाने नमुन्यात उतरतात. त्यांची लांब हायड्रोकार्बन साखळी पॉलिइथिलीनसारखाच वर्णपट देते. नमुना वाचवायला घातलेला हातमोजाच खोटे कण पुरवत होता.

मग ब्लँकचं करायचं काय? समजा, नमुन्यात १२ धागे आणि ब्लँकमध्ये ९. म्हणजे खरे ३? इतकं सोपं नाही. पुढच्या ब्लँकमध्ये ४ निघतील, त्याच्या पुढच्या ब्लँकमध्ये १४. म्हणून अनेक ब्लँक घेऊन त्यांची सरासरी आणि विखुरण काढतात. सरासरीत प्रमाण विचलनाची (म्हणजे विखुरणाच्या मापाची) तिप्पट मिळवून येणाऱ्या मर्यादेखालचा आकडा ‘सापडलं’ म्हणून मांडायचा नाही, हा प्रचलित संकेत आहे. शिवाय वजाबाकी सारख्याची सारख्यातूनच करायची. ब्लँकमधला निळा पॉलिएस्टर धागा नमुन्यातल्या पांढऱ्या पॉलिइथिलीनच्या तुकड्याविरुद्ध पुरावा ठरत नाही.

उलटी चूकही होते. भांडी बदलताना, गाळताना खरे कण हरवतात. म्हणून ओळखू येतील असे रंगीत कण मोजून नमुन्यात टाकतात आणि शेवटी त्यांतले किती परत मिळाले ते पाहतात. ही चाचणी नसलेल्या अभ्यासात ‘प्लॅस्टिक नाही’ या निष्कर्षालाही वजन नसतं.

सगळ्यात अवघड म्हणजे ब्लँकला न दिसणारी चूक. काही पद्धतींत नमुना प्राणवायूशिवाय प्रखर तापवून त्याचे तुटलेले रेणू मोजतात, त्यावरून प्लॅस्टिकचं वजन काढतात. पण चरबीही तुटताना पॉलिइथिलीनसारखेच काही रेणू देते. कोऱ्या पाण्यात चरबी नसते, त्यामुळे ब्लँक स्वच्छ दिसतो आणि आकडा मात्र फुगलेला असतो. मेंदूसारख्या चरबीयुक्त ऊतींत किती प्लॅस्टिक आहे हे वाचताना चरबी कशी काढली आणि कोणते रेणू मोजले, हे आधी तपासावं लागतं.