तटस्थ की निःपक्षपाती? शांतिसैनिकाने बंदूक कधी उचलायची

बोलताना आपण हे दोन शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरतो. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिमोहिमांमध्ये मात्र या गल्लतीपायी माणसं मेली आहेत.

तट म्हणजे काठ. तटस्थ म्हणजे काठावर उभा राहिलेला. पाण्यात कोण बुडतंय आणि कोण बुडवतंय, हे त्याला दिसतं, पण तो उतरत नाही. निःपक्षपाती माणूस उतरतो. त्याची अट एकच: उद्या बुडवणारा दुसरा असेल, तर त्याचाही हात असाच धरायचा. कबड्डीचा पंच कुठल्याच संघाचा नसतो, तरी फाऊल झाला की शिट्टी वाजवतो. शिट्टी खिशात ठेवून बसलेल्या पंचाला कोणी निःपक्षपाती म्हणणार नाही.

शांतिमोहिमांची तीन तत्त्वं आहेत: संबंधित पक्षांची संमती, निःपक्षपात, आणि स्वसंरक्षण किंवा सोपवलेल्या कामाचं रक्षण याखेरीज बळाचा वापर नाही. मधल्या तत्त्वाचा अर्थ अनेक वर्षं 'तटस्थता' असाच लावला गेला. १९५६ मध्ये सुएझला ते खपून गेलं. तिथे दोन्ही बाजूंना देशांची सैन्यं होती, मध्ये उभं राहायला रेषा होती. रवांडातल्या कत्तलीत अशी रेषाच नव्हती.

जानेवारी १९९४ मध्ये तिथल्या शांतिसेनेचे प्रमुख रोमिओ दालेर यांनी न्यूयॉर्कच्या मुख्यालयाला कळवलं की राजधानी किगालीत शस्त्रं दडवली आहेत, मी छापा घालतो. उत्तर आलं: छापा नको, राष्ट्राध्यक्षांना कळवा. म्हणजे ज्यांच्या गोटात शस्त्रं होती, त्यांनाच! एप्रिलमध्ये हुतू अतिरेक्यांनी तुत्सींची कत्तल सुरू केली. किगालीतल्या एका तांत्रिक शाळेत सुमारे दोन हजार लोक बेल्जियन शांतिसैनिकांच्या आसऱ्याला आले होते आणि फाटकाबाहेर मारेकरी वाट बघत होते. ११ एप्रिलला सैनिकांना निघण्याचा हुकूम आला. लोक गाड्यांना आडवे झाले, तरी गाड्या गेल्या. त्या दोन हजारांपैकी बहुतेक सगळे मारले गेले. त्या सैनिकांनी कुणाचीच बाजू घेतली नाही, असं म्हणता येईल का? मला तरी म्हणता येत नाही. मारणारा आणि मरणारा यांच्यामधून तुम्ही बाजूला झालात, की फायदा मारणाऱ्याचाच होतो.

पुढच्याच वर्षी, जुलै १९९५ मध्ये, बोस्नियातलं स्रेब्रेनित्सा सर्ब फौजांच्या हाती पडलं. संयुक्त राष्ट्रांनी 'सुरक्षित क्षेत्र' जाहीर केलेल्या त्या गावातले सुमारे आठ हजार पुरुष आणि मुलगे मारले गेले. २००० साली शांतिमोहिमांचा आढावा घेणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या ब्राहिमी समितीच्या अहवालाने अखेर स्पष्ट लिहिलं की निःपक्षपात म्हणजे सर्व पक्षांना सदासर्वकाळ सारखं वागवणं नव्हे.

त्याच वर्षी सिएरा लिओनमध्ये हे प्रत्यक्ष दिसलं, आणि तिथे आपले जवान होते. आरयूएफ या बंडखोर संघटनेने १९९९ चा लोमे शांतता करार स्वतः सही करून मान्य केला होता. मे २००० मध्ये तिने तो मोडून शेकडो शांतिसैनिकांना ओलीस धरलं. कैलाहूनमध्ये गुरखा रायफल्सच्या दोन कंपन्या सुमारे अडीच महिने वेढ्यात होत्या. वाटाघाटी झाल्या, त्यातून काही निघालं नाही, तेव्हा जुलैमध्ये 'ऑपरेशन खुकरी'ने वेढा फोडला. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. आरयूएफला कायमचा शत्रू ठरवलं नाही. तिची शस्त्रं जमा करून घेण्याचं काम चालू राहिलं आणि २००२ च्या निवडणुकीत ती पक्ष म्हणून उभी राहिली. शिक्षा झाली ती करार मोडल्याची.

पण बळ वापरलं की ते आपोआप न्याय्य ठरत नाही. सोमालियात जून १९९३ मध्ये २४ पाकिस्तानी शांतिसैनिक मारले गेले. संताप रास्त होता. पण त्यानंतर मोहीम एका माणसाच्या, ऐदीद या टोळीप्रमुखाच्या, मागे लागली. पुढच्याच महिन्यात अमेरिकी हेलिकॉप्टरांनी एका घरावर हल्ला केला. तिथे बैठकीला जमलेले वडीलधारे मारले गेले, आणि राजधानी मोगादिशूच्या लोकांच्या लेखी शांतिसैनिकांचं निळं हेल्मेट म्हणजे आणखी एक टोळी झाली. इथे पंच स्वतःच चढाईला उतरला होता.

म्हणून गोळी झाडण्याआधीचा प्रश्न 'समोर कोण आहे' हा नसून 'समोरचा काय करतो आहे' हा असायला हवा. हेच दुसऱ्या पक्षाने केलं असतं, तर मी हीच गोळी झाडली असती का? उत्तर 'हो' असेल, तरी बळ लागेल तेवढंच, आणि आजूबाजूच्या घरांचा विचार करून.

बंदूक हातात नसतानाही हा फरक जगता येतो. रवांडात सेनेगलचे कॅप्टन म्बाये दियाञ निःशस्त्र निरीक्षक होते. हस्तक्षेप करू नका, असा हुकूम असूनही ते गाडीत माणसं लपवून नाक्यामागून नाके पार करायचे. पहारेकऱ्यांशी गप्पा मारायचे, सिगारेटी वाटायचे, आणि एका वेळी चार-पाच जीव पलीकडे न्यायचे. असे शेकडो वाचले. ३१ मे १९९४ ला अशाच एका नाक्यावर उखळी तोफेचा गोळा जवळ पडून ते गेले.