ड्वार्फ सिक्लिड : नराचे खंगणे

घरच्या टाकीतला ड्वार्फ सिक्लिड या छोट्या शोभेच्या माशाचा नर अंगावर डाग, बुरशी वा जखम नसताना दोन-तीन आठवड्यांत खंगून मरतो आणि मादी मात्र ठणठणीत राहते, अशी तक्रार मत्स्यपालनाच्या छंदात नेहमी ऐकू येते. ती मुख्यतः दक्षिण अमेरिकेतल्या अपिस्टोग्रामा प्रजातीच्या माशांबाबत आणि ओरिनोको खोऱ्यातल्या रॅम या ड्वार्फ सिक्लिडबाबत असते. अपिस्टोग्रामात पिल्ले ऊबदार पाण्यात वाढली की नर जास्त निपजतात. शिवाय रंगामुळे दुकानात मागणी नरालाच. मेलेल्यांत नर जास्त दिसतात, त्याचे एक कारण हेही.

औषध टाकण्याआधी मादीकडे पाहावे. काकाटुऑइडेस या अपिस्टोग्रामाचा नर ८ सें.मी.पर्यंत वाढतो, मादी जेमतेम ५. पण गुहेत अंडी घातली की ती पिवळीधमक होते आणि नराला जवळ फिरकू देत नाही. नदीत तो निघून जातो. ६० × ३० सें.मी.च्या टाकीत जाणार कुठे? मग तो हीटरमागे, पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात पर मिटून उभा राहतो आणि मादी गुहेत शिरली तरच दाणा उचलतो. ती चावण्यापेक्षा हुसकावतेच जास्त, म्हणून शेपटी शाबूत दिसते. अशा वेळी नर वेगळा काढावा. काढल्यावर चार-पाच दिवसांत तो खाऊ लागला, तर निदान झालेच. पुढे लाकूड, झाडे आणि वाळलेली पाने (रस्त्याकडेच्या देशी बदामाची चालतात) अशी रचावीत की या टोकावरून ते टोक दिसू नये.

वेगळा काढूनही पोट आत गेलेले, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी आणि तोंडात घेतलेला घास थुंकणे चालूच असेल, तर आतड्यातल्या कशाभिकायुक्त (चाबकासारखी शेपटी असलेल्या सूक्ष्म) परजीवींचा संशय घ्यावा. मेट्रोनिडॅझोल ४० लीटरला २५० मि.ग्रॅ., दिवसाआड तीनदा, प्रत्येक मात्रेआधी चौथाई पाणी बदलून. मासा खात असेल तर औषध खाद्यातून देणे अधिक गुणकारी. गुदद्वारातून लाल धाग्यासारखे टोक डोकावले तर तो कॅमॅलॅनस कृमी. त्यावर मेट्रोनिडॅझोल कुचकामी, लेव्हामिसोल लागते. ते सगळ्या टाकीला द्यावे, तळ सायफनने उपसावा आणि तीन आठवड्यांनी पुन्हा द्यावे.

पाण्याची चूक बहुधा रॅमच्या बाबतीत होते. त्याला २७ ते ३० अंश सेल्सिअस लागते. २४ अंशांच्या टाकीत तो मरगळतो. याउलट बोरेली हा अपिस्टोग्रामा २२ ते २५ अंशांत खूश असतो, त्यामुळे दोघांना एकत्र ठेवणे मुळातच चूक. बोअरचे जड पाणी रॅमला मानवत नाही. नायट्रेट लीटरला २० मि.ग्रॅ.च्या आत ठेवावे.

मेलेला मासा फेकण्याआधी उघडून पाहावा. प्लीहा व वृक्कावर (मूत्रपिंडावर) पांढरट गाठी दिसल्या तर मत्स्यक्षयाची शक्यता धरावी. त्यावर खात्रीचा उपाय नाही. अशा टाकीत जखमेचा हात घालू नये, कारण हा रोग करणारा मायकोबॅक्टेरियम मरिनम हा जीवाणू माणसाच्या त्वचेलाही जडतो.