कुंडीच्या तळाशी खडी घातल्याने निचरा सुधारतो का?

जेन्शियन, सॅक्सिफ्रेज अशी आल्प्समधील वसंतात फुलणारी रोपे कुंडीत लावताना तळाशी खडीचा थर दिल्यास निचरा सुधारतो, असे सांगितले जाते. ही समजूत तर्काला पटणारी असल्यानेच टिकली आहे. प्रत्यक्षात बारीक मातीतले पाणी खालच्या भरड थरात सहज उतरत नाही. केशाकर्षणामुळे, म्हणजे मातीच्या बारीक छिद्रांत पाणी धरून ठेवणाऱ्या ओढीमुळे, ते मातीच्या तळाशीच अडते आणि खडीने माती उचलली गेल्यामुळे हा ओला पट्टा मुळांच्या अधिक जवळ येतो. बर्फाची थंडी सोसणारी ही रोपे हिवाळ्यात साचलेल्या ओलाव्याने मात्र कुजतात.

खात्रीसाठी भिजवलेला लांबट स्पंज आडवा धरावा आणि ठिबकणे थांबल्यावर उभा करावा. उंची वाढताच आणखी पाणी गळते; कुंडीतल्या मातीच्या थराचेही तसेच असते. त्यामुळे कुंडी खोल घ्यावी आणि बारीक खडी मातीतच सढळ हाताने मिसळावी.