बटण तेच, ऐकणारा वेगळा: राउटरचा रीसेट आणि रिकव्हरी

फर्मवेअर (राउटर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) अपग्रेड केल्यानंतर राउटर सुरूच होईना, की बहुतेकांचा हात आधी रीसेटच्या बारीक भोकाकडे जातो. पिन दहा सेकंद दाबून धरायची, मग वीस, मग तीस. दिवे तसेच लुकलुकत राहतात आणि राउटर 'गेला' म्हणून अडगळीत पडतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण असे कितीतरी राउटर दुरुस्त होण्यासारखे असतात.

राउटरच्या फ्लॅश मेमरीत बूटलोडर, फर्मवेअर आणि तुमच्या सेटिंग्ज वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. वीज मिळाली की आधी बूटलोडर जागा होतो, फर्मवेअर तपासून चालू करतो आणि बाजूला होतो.

रीसेट हे फर्मवेअरचं काम. राउटर चालू असताना बटण दाबलं की फर्मवेअर ते ओळखतं आणि सेटिंग्ज पुसतं. पण फर्मवेअरच उभं राहिलं नसेल, तर बटणाची दखल घ्यायला आत कुणीच नसतं. शिवाय 'फॅक्टरी' या शब्दामुळे अनेकांना वाटतं की रीसेटने जुनी आवृत्ती परत येते. तसं होत नाही. फर्मवेअर आहे तेच राहतं. रीसेट उपयोगी पडतो तो जुन्या सेटिंग्ज नव्या आवृत्तीशी जुळत नसतील तेव्हा. अशा वेळी राउटर थोडा वेळ पिंगला (कॉम्प्युटरवरून 'आहेस का?' असं विचारणाऱ्या छोट्या संदेशाला) उत्तर देतो, कधी लॉगिनचं पानही दाखवतो आणि मग पुन्हा रीस्टार्ट होतो.

रिकव्हरी, म्हणजे फर्मवेअर नव्याने भरणं, हे काम मात्र बूटलोडरचं, आणि तिच्यात सगळा खेळ वेळेचा. राउटर बंद असतानाच बटण दाबायचं, दाबलेलं ठेवूनच वीज द्यायची आणि दिव्याची लुकलुक बदलली की सोडायचं. (किती सेकंद, ते मॉडेलप्रमाणे बदलतं.) त्यानंतर काही बूटलोडर एक साधं वेबपान उघडतात, काही टीएफटीपीने (नेटवर्कवरून फाइल पाठवायच्या एका साध्या पद्धतीने) फाइल यायची वाट पाहतात. टीपी-लिंकची अनेक मॉडेल्स उलट वागतात: १९२.१६८.०.६६ या पत्त्यावरच्या कॉम्प्युटरकडे ठरावीक नावाची फाइल स्वतःच मागतात. इथेच पुष्कळ जण अडकतात. त्या वेळी राउटर आयपी पत्ता वाटत नसतो, म्हणून कॉम्प्युटरला तो हाताने द्यावा लागतो. वायफाय नसतं, लॅन केबलच लागते. फायरवॉल टीएफटीपी अडवू शकते. फाइलही नेमक्या हार्डवेअर व्हर्जनची हवी, झिप उघडून काढलेली. लिहिणं चालू असताना वीज अजिबात काढू नका.

आत कोण जागं आहे, हे कळायला एक खूण मला फार आवडते. पिंग चालू ठेवून राउटर सुरू करा आणि उत्तरातला टीटीएल (प्रत्येक उत्तरासोबत दिसणारा एक आकडा) पाहा. लिनक्सवर चालणारं फर्मवेअर साधारणपणे ६४ देतं. ब्रॉडकॉम चिपच्या बऱ्याच राउटरमधला सीएफई बूटलोडर १०० देतो. सुरुवातीला काही सेकंद १०० दिसून उत्तरं थांबली, तर बूटलोडर शाबूत आहे आणि रिकव्हरीला वाव आहे.

ओपनडब्ल्यूआरटी या मुक्त फर्मवेअरचा फेलसेफ मोड रीसेट आणि रिकव्हरी या दोहोंच्या मधला. त्यात फर्मवेअर चालतं, पण तुमच्या सेटिंग्ज न वाचता, १९२.१६८.१.१ वर. तिथून सेटिंग्ज पुसता येतात.

कुठल्याच पद्धतीने पिंगला उत्तर नाही आणि दिवेही बदलत नाहीत, तर बूटलोडरच खराब झाला असण्याची शक्यता आहे. मग नेमकं कुठे अडलंय ते पाहायला राउटर उघडून बोर्डावरचा सीरियल पोर्ट (सुरू होतानाचे संदेश कॉम्प्युटरवर दाखवणारी जोडणी) शोधावा लागतो. त्याचा वेग बहुधा ११५२०० बॉड, व्होल्टेज बहुधा ३.३. ५ व्होल्टचा अडॅप्टर लावला तर चिप जळू शकते, म्हणून आधी मीटरने मोजा, आणि जोडताना ग्राउंड, टीएक्स (पाठवणारी) व आरएक्स (घेणारी) एवढ्याच तारा जोडा.