नायट्रोजनच्या टाकीतले वारस

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, मोबील शहरातल्या एका रुग्णालयात डिसेंबर २०२० मध्ये एक रुग्ण फिरत फिरत गोठवलेल्या भ्रूणांच्या खोलीत शिरला. खोलीला अडसर नव्हता. त्याने टाकीत हात घालून काही भ्रूण बाहेर काढले. द्रवरूप नायट्रोजनचं तापमान उणे १९६ अंश. हात पोळला आणि हातातलं सगळं जमिनीवर पडलं. ज्यांचे ते भ्रूण होते त्या तीन जोडप्यांनी दावा लावला. १६ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की अल्पवयीन मुलाच्या मृत्यूबद्दल भरपाई देणारा १८७२ चा कायदा या भ्रूणांनाही लागू पडतो, कारण तीही मुलंच. निकालानंतर राज्यातल्या काही आयव्हीएफ केंद्रांनी, म्हणजे शरीराबाहेर प्रयोगशाळेत फलन घडवणाऱ्या केंद्रांनी, धसका घेऊन काम थांबवलं. तीन आठवड्यांच्या आत विधिमंडळाला डॉक्टरांना अभय देणारा कायदा घाईघाईने करावा लागला. भ्रूण हे मूल आहे की नाही, या प्रश्नाला मात्र त्या कायद्याने हात लावला नाही.

गोव्यात बसून हे वाचताना पोर्तुगीज नागरी संहितेचं सहावं कलम आठवल्याशिवाय राहत नाही. १८६७ ची ही संहिता गोव्यात १ जुलै १८७० पासून लागू झाली. ते कलम म्हणतं, की कायद्याच्या दृष्टीने माणसाला पात्रता येते ती जन्माने. पण गर्भधारणा झाल्यापासून तो कायद्याच्या संरक्षणाखाली असतो आणि संहितेत सांगितलेल्या कामांपुरता जन्मलेलाच मानला जातो. मृत्युपत्राच्या प्रकरणात तर चक्क भ्रूणाचा उल्लेख आहे. मृत्युपत्र करणारा गेल्यापासून ३०० दिवसांच्या आत जिवंत आणि मानवी रूपात जन्मला, तर तो मृत्यूच्या वेळी अस्तित्वात होता असं समजायचं. म्हणजे हक्क आधी राखून ठेवायचा, पण तो पक्का व्हायचा जन्मानंतर. आता वारसाहक्कासाठी गोव्याचा स्वतःचा २०१२ चा कायदा आहे आणि तो डिसेंबर २०१६ पासून अमलात आला. पण विचाराची ही जुनी पद्धत मला अलाबामाच्या निकालापेक्षा जीवशास्त्राच्या कितीतरी जवळची वाटते. का, ते सांगतो.

'फलन झालं त्या क्षणापासून व्यक्ती' असं म्हणायचं तर तो क्षण आधी सापडायला हवा. शुक्रजंतू स्त्रीबीजात शिरतो तेव्हा स्त्रीबीजाचं शेवटचं विभाजन अर्धवटच असतं. शुक्रजंतू आत आल्यावर ते पुरं होतं आणि नको असलेली गुणसूत्रं एका बारीक कणात बांधून बाहेर टाकली जातात. प्रयोगशाळेत सोळा-अठरा तासांनी भ्रूणतज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली बशी ठेवतात. एकमेकांना खेटून दोन गोल केंद्रकं दिसली, एक आईचं आणि एक बापाचं, तर 'फलन झालं' अशी नोंद होते. तीन दिसली तर ते बीज बाजूला जातं. ही दोन केंद्रकं मिळून एक होत नाहीत. त्यांची आवरणं विरतात, गुणसूत्रं विभाजनासाठी रांगेत लागतात आणि दोन्हीकडची गुणसूत्रं एकाच केंद्रकात पहिल्यांदा नांदतात ती दोन पेशी झाल्यावर. तोवर जवळजवळ दिवस उलटलेला असतो. त्यानंतरही भ्रूणाचे स्वतःचे जनुक जोमाने कामाला लागायला चार ते आठ पेशींपर्यंत थांबावं लागतं. तोपर्यंतचा सगळा खर्च आईने बीजात भरून ठेवलेल्या शिदोरीवर चालतो.

पाचव्या दिवशी शे-दोनशे पेशींचा पोकळ गोळा तयार होतो. आयव्हीएफ करणारी जोडपी ज्याला 'डे फाइव्हचा एम्ब्रियो' म्हणतात, तो हाच. त्याच्या बाहेरच्या थरातल्या पेशींची पुढे वार (प्लासेंटा) होते. बाळ घडतं ते आत एका कडेला चिकटलेल्या पेशींच्या लहानशा पुंजक्यातून. ज्या फलित बीजाला व्यक्ती म्हणायचं, त्याचा बराचसा भाग बाळंतपणानंतर सुईण परसात पुरून टाकायची, याचं काय करायचं?

शिवाय एक बीज म्हणजे एक माणूस, हा हिशेबही जुळत नाही. जवळपास पहिले दोन आठवडे भ्रूण दुभंगू शकतो आणि एकाची जुळी भावंडं होतात. उलटही घडतं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात २००२ च्या सुमारास एका बाईने सरकारी मदतीसाठी अर्ज केला, तेव्हा डीएनए तपासणीत ती स्वतःच्या मुलांची आईच नाही असं निघालं. तिसऱ्या बाळंतपणाला न्यायालयाचा माणूस हजर राहिला, रक्ताचा नमुना तिथेच घेतला गेला. तेही मूल 'तिचं नाही' निघालं! शेवटी उलगडा झाला, की तिच्या शरीरात दोन वेगवेगळ्या फलित बीजांच्या पेशी होत्या. आईच्या पोटात दोन भ्रूण एकत्र मिळून तिची एकटीची घडण झाली होती. दोघी जणी व्यक्ती होत्या म्हणावं, तर मेली कोण? आणि द्राक्षगर्भ घ्या. तिथे स्त्रीबीजात आईचं केंद्रकच नसतं, शुक्रजंतूची गुणसूत्रं दुप्पट होतात, बीज वाढतं, गर्भचाचणी होकार देते. पण गर्भाशयात द्राक्षांच्या घोसासारखे फोड येतात, बाळाचा पत्ता नसतो, आणि वेळीच काढलं नाही तर त्यातून कर्करोगही होऊ शकतो.

बहुतेक फलित बीजांची कथा तर कुणाला कळतही नाही. उत्तर कॅरोलायनातल्या २२१ स्त्रियांच्या रोजच्या लघवीची तपासणी करून १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की गर्भाशयात रुजलेल्या गर्भांपैकी ३१ टक्के गेले, आणि त्यातले बरेचसे त्या बाईला दिवस गेल्याची चाहूल लागण्याआधीच. पाळी दोन दिवस उशिरा आली, एवढंच. न रुजता गेलेली बीजं या हिशेबात धरलेलीच नाहीत.

पलीकडच्या बाजूला काहीच म्हणणं नाही, असं मात्र नाही. फलित बीज जिवंत आहे, मानवी आहे, आणि तिथून जन्मापर्यंतच्या वाढीत 'इथून पुढे माणूस' अशी ठळक रेघ निसर्गानेही मारलेली नाही. गोव्यातले कितीतरी कॅथलिक लोक याच कारणाने पहिल्या दिवसापासून आदर ठेवा म्हणतात, आणि त्यांची तळमळ खरी असते. पण आदर वेगळा आणि कायद्याने व्यक्ती ठरवणं वेगळं. आपल्याकडे कोमुनिदाद, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणारी गावकऱ्यांची संस्था, ही कायद्याने व्यक्ती आहे, देवळातला देवही आहे. जमीन त्यांच्या नावावर असते, ते दावे लढतात. व्यक्तित्व हे कायद्याने कामासाठी दिलेलं साधन आहे. ते कुणाला द्यायचं, हे सूक्ष्मदर्शकात दिसत नाही. मात्र दिल्यावर कुणाचं काय होईल, हे पाहता येतं.

ते पाहायला फार लांब जायला नको. चोर्ला घाटापलीकडच्या बेळगावची सविता हलप्पनवार आयर्लंडला दंतवैद्य होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये, सतरा आठवड्यांची गरोदर असताना, तिचा गर्भपात टळणार नाही हे स्पष्ट झालं होतं. पण गर्भाचे ठोके सुरू होते आणि आयरिश राज्यघटनेत गर्भाचा जगण्याचा हक्क आईच्या बरोबरीने लिहिलेला होता. गर्भ काढण्याची तिची विनंती मानली गेली नाही. जंतुसंसर्गाने २८ ऑक्टोबरला ती गेली. २०१८ मध्ये आयरिश मतदारांनी ६६ टक्क्यांहून अधिक मतांनी ती तरतूद काढून टाकली. गंमत म्हणजे त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच सांगून टाकलं होतं, की गोठवलेला भ्रूण त्या तरतुदीत बसत नाही.

भारतीय कायदा मधल्या वाटेने जातो. २०२१ च्या आयव्हीएफविषयक कायद्यानुसार भ्रूण विकता येत नाही, आणि दहा वर्षांहून जास्त साठवताही येत नाही. मुदत संपली की तो नष्ट होऊ द्यायचा किंवा जोडप्याच्या संमतीने संशोधनाला द्यायचा. वस्तूही नाही, व्यक्तीही नाही.

आता हे गोव्याच्या वारसापत्रात आणून बघा. बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) मोफत आयव्हीएफची सोय झाल्यापासून ही गोष्ट पैसेवाल्यांपुरती राहिलेली नाही. समजा, म्हापशाच्या एका जोडप्याचे सहा भ्रूण टाकीत आहेत आणि नवरा वारला. अलाबामाचा न्याय लावला तर नोटरीसमोर सहा वारस उभे राहतात, प्रत्येकाचा राखीव हिस्सा निघतो, आणि ते सगळे जन्मतात की नाही हे कळेपर्यंत इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेच्या वाटणीचं कोर्टातलं काम, पुढे सरकत नाही. भाटाची, म्हणजे माडांच्या बागेची, वाटणी दहा वर्षं लटकली! जुन्या संहितेच्या मापाने सहांपैकी कुणीच वारस नाही, आणि वाटणी वेळेत होते. पण विधवेने दीड वर्षाने त्यातला एक भ्रूण गर्भाशयात सोडून घेतला आणि मूल झालं, तर ३०० दिवस केव्हाच उलटलेले असतात. हे मूल टाकीतलं नाही, मांडीवरचं आहे, आणि त्याला बापाच्या घरात वाटा नाही. त्या ३०० दिवसांत पोटातला गर्भ मावत होता, टाकीतला मावत नाही.

कॅलिफोर्नियाने यावर तोडगा काढला आहे. मेलेल्या माणसाने जिवंतपणी लेखी संमती दिलेली असावी, आणि त्याच्या मृत्यूचा दाखला निघाल्यापासून दोन वर्षांच्या आत गर्भ पोटात राहिलेला असावा. मग जन्मलेल्या मुलाला वाटा मिळतो. भ्रूणाला व्यक्ती न म्हणताही हे साधलं. वारसाहक्काचा कायदा पणजीतच झालेला असल्याने त्याला असं एक कलम जोडण्याची सुरुवातही पणजीतूनच करता येईल. आयव्हीएफ केंद्रात जोडपी नाहीतरी पानंच्या पानं संमतीपत्रांवर सह्या करतात. त्यात या प्रश्नाचंही एक पान घालता येईल.